एक हात, एक पाय आणि व्हीलचेअर

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली की घरचे लोक बहुधा दुकानातली साधी, घडीची व्हीलचेअर आणतात. ती दोन हातांच्या माणसासाठी बनवलेली असते. उजव्या हाताने उजवं चाक ढकललं की खुर्ची डावीकडे वळते, पुन्हा ढकललं की आणखी वळते. मग माणूस नाद सोडतो आणि खुर्ची ढकलायला कायम कुणीतरी लागतं. खरं तर शाबूत राहिलेल्या एका हातावर आणि एका पायावर ती सरळ चालवता येते. हात चाक ढकलतो. पाय टाच टेकवून खुर्ची पुढे ओढतो आणि दिशाही धरतो. घोडं अडतं ते उंचीवर.

साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ५० सेंमीवर असते. वर गादी ठेवली की टाच जमिनीला पोचत नाही. पाय टेकवण्यासाठी माणूस पुढे घसरतो, कंबर मागे झुकते आणि वजन माकडहाडावर येतं. तिथे जखम होते, पाठीला बाक येतो, लुळा खांदा खाली ओढला जातो. याला 'नीट बसत नाहीत' म्हणून माणसालाच रागावलं जातं. दोष खुर्चीचा असतो.

माप असं घ्यावं. नेहमीचे बूट घालून, गुडघे काटकोनात ठेवून बसवावं आणि चांगल्या पायाच्या गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजावं. समजा ४४ सेंमी आले. गादी वजनाने दबून ४ सेंमी उरत असेल, तर खुर्चीची कापडी बैठक ४० सेंमीवर हवी. गादी दबलेल्या अवस्थेतच मोजायची, नाहीतर हिशेब चुकतो. बुटक्या व्यक्तीला आणखी खालची बैठक लागते. तिथे साधी खुर्ची कापत बसण्यापेक्षा कमी उंचीचीच मागवावी.

बैठक खाली आणण्याचे मार्ग दोन. मागच्या चाकाच्या आसासाठी चौकटीला जादा भोकं असतील, तर आस वरच्या भोकात बसवावा. तेवढंच पुढूनही उतरवावं लागतं. पुढचं छोटं चाक २० सेंमी व्यासाऐवजी १५ सेंमीचं लावलं तर पुढची बाजू अडीच सेंमीच उतरते. उरलेला फरक त्या चाकाच्या फोर्कमधल्या (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यातल्या) वरच्या भोकाने भरून काढावा. हे न केल्यास बैठक मागे कलते, फोर्कचा खुंट तिरका होतो आणि खुर्ची वळवायला जड जाते. आस हलला की ब्रेकही टायरपासून दूर जातो. तो सरकवून पुन्हा कसायला विसरू नये.

आस पक्का जोडलेला असेल, तर कापडी बैठक काढून १२ मिमी प्लायवूडची फळी लोखंडी आकड्यांनी बाजूच्या नळ्यांना अडकवता येते. ती नळ्यांच्या ४-५ सेंमी खाली बसते. मात्र बसणारा खाली गेला आणि हात टेकायचा दांडा तिथेच राहिला, तर लुळा खांदा कानाकडे उचलला जातो आणि दुखू लागतो. दांडाही तेवढाच उतरवावा. बैठक खाली गेल्यावर उठून उभं राहणं अवघड होतं, म्हणून पलंगावर जाणं-येणं करून पाहिल्यावरच उंची कायम करावी.

चांगल्या बाजूचा फूटरेस्ट नुसता दुमडू नये, दांड्यासकट काढावा; नाहीतर पोटरी त्यावर आपटते. लुळ्या बाजूचा ठेवावा आणि पोटरीमागे पट्टा बांधावा, म्हणजे पाय मागे घसरून चाकाखाली जात नाही.

लुळ्या बाजूच्या ब्रेकपर्यंत चांगला हात पोचवण्यासाठी माणूस वाकतो आणि तोल जातो. दांडीवर घट्ट बसेल असा १५ ते २० सेंमी लांबीचा पीव्हीसी पाइप चढवला की काम भागतं. त्याहून लांब केल्यास जोर जास्त पडून ब्रेकची पट्टी वाकते. उठताना त्या पाइपवर भार टाकायचा नाही हे आधीच शिकवावं. ब्रेक घसरत असेल तर पहिल्यांदा टायरची हवा पाहावी.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. दिसत असूनही ती बाजू सुटते. त्यांच्या डाव्या ब्रेकवर लाल चिकटपट्टी गुंडाळावी आणि रोज तिकडे बोट दाखवून आठवण द्यावी. लुळा हात मांडीवर लोंबकळत ठेवू नये. बोटं स्पोकमध्ये अडकतात आणि अनेकांना स्पर्श कळत नसल्याने ते उशिरा लक्षात येतं. हाताखाली कड असलेली पन्हळीसारखी गादी किंवा पारदर्शक ट्रे द्यावा, चाकाला स्पोक झाकणारी तबकडी लावावी. हात पट्ट्याने करकचून बांधणं मात्र धोक्याचं. पडताना तो तसाच अडकून राहतो.

सगळं जुळवल्यावर सपाट फरशीवर दहा मीटर चालवून घ्यावं, थांबल्यावर कंबर पाठीच्या टेकूला लागलेली आहे का ते पाहावं. पुढे घसरलेली असेल तर पुन्हा टेप काढून बैठकीची उंची मोजावी, आणि हे काम शक्यतो ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञासमोर, करावं.