एकाच घराण्यातले जंतू, म्हणून औषधही एकच?

जंतू जवळच्या नात्यातले असले की एकच अँटिबायोटिक सगळ्यांना लागू पडतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस आजही पेनिसिलिनने मरतो. न्यूमोनिया करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिएचे काही वाण मात्र घशातल्या निरुपद्रवी भाऊबंदांकडून जनुकांचे तुकडे उचलतात. मग पेशीभित्तिका बांधणारी त्यांची प्रथिनं बदलतात आणि पेनिसिलिन त्यांना नीट चिकटतच नाही. आतड्यात राहणाऱ्या एंटेरोकॉकस फिकॅलिसवर अँपिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं औषध) सहसा चालतं, त्याच्याच नात्यातल्या एंटेरोकॉकस फिशियमवर बहुधा नाही.

इतकंच कशाला, एकाच जातीचे जंतू दोन रुग्णांत सापडले तरी अहवाल वेगळे येऊ शकतात. म्हणून कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी, त्या रुग्णाच्याच नमुन्यावर करावी लागते. दुसऱ्याच्या रिपोर्टवरून औषध ठरवता येत नाही.