जुना डबा, फुकटची गणनशक्ती?

बॉइंक किंवा फोल्डिंग ॲट होम या, घरोघरच्या संगणकांची रिकामी ताकद वैज्ञानिक संशोधनासाठी वापरणाऱ्या उपक्रमांना माळ्यावरचा जुना डबा, म्हणजे जुना संगणक, जोडला की काम फुकटात होतं, हा समज १९९९च्या सेटी ॲट होम या अशाच उपक्रमापासून ऐकू येतो. डबा फुकट असेल हो, वीज नाही. चोवीस तास १०० वॅट खाणारं यंत्र ३० दिवसांत ७२ युनिट ओढतं. तेवढ्याच विजेत जुना पेंटियम ४ प्रोसेसर जे काम उपसतो, ते आजच्या साध्या सहा कोरच्या प्रोसेसरच्या पासंगालाही पुरत नाही. पैसे घालायचेच तर प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा बरा कूलर आणि चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घाला. रंगीबेरंगी दिव्यांची केस, म्हणजे संगणकाची बाहेरची पेटी, कशाला हवी? बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी उतरवून बघा: वेग जरासाच घटतो, वॅट मात्र बरेच. पंख्याची घरघरही कमी होते.