डूला

गरोदरपणात, कळांच्या वेळी आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईला व तिच्या घरच्यांना धीर, माहिती आणि प्रत्यक्ष सोबत देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस डूला म्हणतात. ती डॉक्टर, परिचारिका किंवा सुईण नसते. तपासणी करणे, औषध देणे वा बाळंतपण करणे ही कामे तिच्याकडे येत नाहीत.

कामाची पाळी संपली की परिचारिका बदलते, डॉक्टर गरजेपुरते येऊन जातात. डूला मात्र कळांना जोर आल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत एकाच स्त्रीजवळ थांबते आणि हे सलग थांबणे हेच तिच्या कामाचे मर्म आहे. कळ चढू लागली की कमरेखाली तळहाताने दाब द्यायचा, ओसरली की घोटभर पाणी पाजायचे, कुशीवर वळवायचे, जमेल तसे चालवायचे, अशी वरवर किरकोळ वाटणारी ही कामे. नवरा गांगरला असेल, तर त्याला बाजूला न सारता हात कुठे ठेवायचा हे ती त्याला दाखवते. डॉक्टरांना काय विचारायचे हे ती सुचवते. निर्णय मात्र आईचाच असतो.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मार्शल क्लॉस, जॉन केनेल आणि सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातील रुग्णालयात केलेला, १९८० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. गुंतागुंत न झालेल्या प्रसूतींत, सोबत मिळालेल्या स्त्रियांना दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी ८.८ तास लागले, तर एकट्या असलेल्यांना १९.३ तास. गट लहान होता, त्यामुळे एवढा फरक सर्वत्र अपेक्षू नये. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणारी संस्था), २६ चाचण्यांच्या आधारे, हा फरक बराच कमी दिसतो, परंतु सलग सोबतीने नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते आणि सिझेरियनचे घटते, हा कल तेथेही टिकून आहे.

प्रसूतीनंतर स्तनपान, आईची झोप आणि मनःस्थिती यांकडे डूला लक्ष देते. उदासी लांबली, तर वैद्यकीय मदत घेण्यास सुचवते. महाराष्ट्रात माहेरच्या बाळंतपणात आई, मावशी आणि मालिशवाली बाई मिळून यातले बरेच काही सांभाळत आल्या आहेत. मात्र प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यावर ही माणसे अनेकदा प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेरच राहिली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत नात्यातील स्त्रीला सोबत थांबण्यास मान्यता दिली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत व्यावसायिक डूला मिळतात. त्यांचे शुल्क सहसा कुटुंबालाच भरावे लागते.