भूकंपाचा धसका: लहान आणि किशोरवयीन मुलांमधला पीटीएसडी

भूकंपातून वाचलेलं पोर काही आठवडे दचकतं, रडतं, आईला सोडत नाही, एवढं सगळं होणारच, त्याला आजार म्हणत नाहीत. पण महिना उलटून गेला तरी तेच चालू असेल, रोजचं खाणंपिणं-झोप-शाळा बिघडत असेल, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी (पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार) म्हणतात. आपल्याकडे 'धसका घेतला' म्हणतात ते याच्या बरंच जवळचं आहे, फक्त दृष्ट काढून तो जात नाही एवढंच.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला भीती शब्दांत सांगता येत नाही, मग ती खेळात दिसते. ठोकळ्यांचं घर रचायचं, पाडायचं, आत बाहुली दाबून ठेवायची, परत रचायचं, आणि यात मजा काही नसते, नुसतं तेच ते चालू. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, पोट दुखतं, लाईट बंद करू देत नाहीत. मोठी पोरं उलट गप्प होतात किंवा चिडतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, ट्रक गेला आणि खिडकी थरथरली की एका उडीत दाराबाहेर. गप्प झालेल्याला घरचे 'किती समजूतदार झाला' म्हणतात आणि चिडणाऱ्याला दोन धपाटे बसतात, दोघांचंही दुखणं राहतं बाजूलाच. वयानुसार लक्षणं बदलतात हे डॉक्टरांच्या पुस्तकात यायलाही उशीरच झाला, सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी वेगळे निकष अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये घातले.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की किल्लारी आलीच. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादमध्ये आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. झोपेत घर अंगावर पडलेल्या पोराला नंतर 'घरात जाऊन झोप' म्हणणं म्हणजे काय, हे विचार करून बघा. त्यात आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या भूकंपानंतर येत राहणारे लहान धक्के. पूर किंवा अपघात एकदा होऊन संपतो, इथं मात्र भरत आलेली खपली दर चार दिवसांनी जमीनच काढते. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली, घरं पक्की मिळाली पण गल्ली, शेजार, खेळायचा पार मागेच राहिला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं साधारण 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, तो या भागातला मोठाच प्रयत्न.

कोणाला जास्त त्रास होतो यावर आर्मेनियात बरंच काम झालंय. तिथला 1988 चा भूकंप सकाळी पावणेबाराच्या आसपास झाला, मुलं शाळेत होती. दीड वर्षानं तपासलं तर केंद्राजवळच्या स्पिटाकमधल्या मुलांना सगळ्यात जास्त त्रास, त्याखालोखाल ग्युमरी, आणि लांबच्या येरेवानमध्ये सगळ्यात कमी. घरातलं कोणी गेलं असेल तर आणखी भर पडते.

उपाय म्हणाल तर पहिल्या दिवसांत मानसोपचार वगैरे नकोच, आईवडिलांजवळ ठेवा, जेवण-झोपेच्या वेळा लावा, तंबूत का होईना शाळा लवकर सुरू करा. 'काय बघितलंस सांग' म्हणून खोदून विचारू नये, आणि टीव्हीवर ढिगाऱ्यांचे तेच ते व्हिडिओ तर अजिबात नको. झोपेच्या गोळ्या पोरांना आपल्या मनानं देऊ नयेत. महिन्यानंतरही जात नसेल तर समुपदेशन, त्यात आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) मुलांमध्ये चांगली चालते. ग्युमरीच्या शाळांमध्ये आघात आणि दुःखावरची थेरपी मिळालेली मुलं सुधारली, न मिळालेल्यांचं नैराश्य वाढलं. आता भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

बरं झालेलं पोरही त्या तारखेच्या आसपास परत बिघडू शकतं. किल्लारीकडे तर हे वर्षातून दोनदा, एकदा कॅलेंडरनं 30 सप्टेंबरला आणि एकदा तिथीनं, विसर्जनाच्या रात्री.