पूर किती फुटांचा? कृष्णा-पंचगंगा काठच्या घरांची पार्श्वभूमी

जुनी गावं नदीकाठी वसली तरी नदीत वसली नव्हती. काळी म्हणजे शेतजमीन कसायची आणि पांढरीवर म्हणजे वस्तीच्या जागेवर राहायचं, हा नेम होता. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या शिरोळ, करवीर, पलूस, मिरज या तालुक्यांतली मूळ गावठाणं बघितली की ती जरा उंचावर, टेकाड धरून असल्याचं दिसतं. पाणी शेतात यायचं, गाळ टाकून जायचं. गावठाण पुरेनासं झालं तशी घरं उताराने खाली उतरली. आधी मळ्यातली वस्ती, मग रस्त्याकडेचे प्लॉट आणि मग थेट ओढ्याची कड. या शे-दीडशे वर्षांबद्दल एवढं पुरे, कारण आज घराघरांत पुराची जी तयारी दिसते ती जवळजवळ सगळी 1989 च्या पुरानंतरची आहे, आणि त्यातली बरीचशी 2005 च्या पुरानंतरची.

नृसिंहवाडीला मात्र तयारीचा एक जुना नमुना अजून चालू आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या संगमावरच्या दत्तमंदिरात पाणी शिरून पादुकांना स्पर्श करून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की ‘दक्षिणद्वार’ झालं म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. कुठल्या पायरीला पाणी आलं की काय उचलायचं आणि कुठे न्यायचं, हे तिथे ठरलेलं आहे. पंचक्रोशीतल्या बायकाही याच घड्याळावर चालत आल्या. ‘दक्षिणद्वार झालं, आता परड्यातली चुलीची लाकडं माडीवर न्या.’

1989 च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांसाठी उंचावरच्या सोनतळीला जागा दिल्या गेल्या. पुनर्वसन झालं आणि झालंही नाही. जनावरं, दूध, ऊस आणि मोटरपंप सगळे खालीच असल्यामुळे बरीच कुटुंबं एक पाय वर, एक खाली अशी राहिली. याला हट्ट म्हणणं सोपं आहे. पहाटे चारला धार काढायला अंधारातून गोठ्यापर्यंत जाऊन बघावं, मग बोलावं.

आता फुटांचा घोळ. पार्श्वभूमीत या एका शब्दाला इतकी जागा देण्याचं कारण असं की, पावसाळ्यात या भागातला प्रत्येक माणूस तो दिवसातून दहा वेळा उच्चारतो आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णेची पातळी 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलावर मोजतात. तिथे 40 इशारा आणि 45 धोका. हे फूट म्हणजे नदीची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंचीही नव्हे. त्या त्या जागी रंगवलेल्या पट्टीवरचे ते आकडे आहेत आणि दोन्ही पट्ट्यांचं शून्य वेगवेगळं आहे. म्हणून ‘कोल्हापुरात 45 झालं, सांगलीत अजून 42 च आहे, म्हणजे आपल्याला तीन फूट सवड’ हा हिशेब चुकीचा आहे. पण तो सर्रास होतो. त्यात धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा येतो, आणि साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. कोयना धरण 105 टीएमसीचं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून 1,428 क्युसेक, आणि धरण भरलं की ते कुणाला न विचारता उघडतात. रेडिओ, वाहिन्या आणि आता फोन हे तिन्ही आकडे एकाच दमात सांगून मोकळे होतात.

अधिकृत भाषेत धोका पातळी म्हणजे प्रशासनाने हालचाल करायची खूण. ऐकणाऱ्याच्या कानात ती ‘आता धोका सुरू’ अशी पडते. प्रत्यक्षात सखल घरांचा धोका त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. कोल्हापुरात सुतारवाडा आणि सांगलीत सूर्यवंशी प्लॉट इशारा पातळीच्या आसपासच हलवावा लागतो. उलट टेकाडावरच्या घराला धोका पातळी ओलांडली तरी काही होत नाही, आणि तो माणूस पुढच्या वेळेला घोषणाच ऐकेनासा होतो. प्रत्येक घराचा स्वतःचा आकडा असतो. बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी, असा. हा आकडा कुठल्याच सरकारी कागदावर नसतो. तो भिंतीवर असतो, 2005 च्या पुराचं पाणी चढलं होतं तिथल्या तेलकट रंगाच्या रेघेत.

ती रेघ तयारीचा पाया ठरली आणि 2019 मध्ये तिनेच दगा दिला. 2005 ला पाणी इथवर आलं होतं म्हणून धान्याची पोती, गादी, शिवणयंत्र आणि कागदपत्रांची पेटी रेघेच्या हातभर वर फळीवर ठेवून लोक निवांत बसले. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पुढे आणि आयर्विन पुलावर 57 फुटांच्या पुढे गेलं. फळी बुडाली. ज्यांना पाणी यायच्या आधी निघणं शक्य होतं त्यांनीही रेघेकडे बघून एक दिवस काढला, आणि दुसऱ्या दिवशी रस्ता राहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. 2005 नंतर मातीच्या भेंड्यांच्या भिंती जाऊन वीट-सिमेंट आलं, वर स्लॅब पडला. भिंत विरघळत नाही हा फायदाच. पण स्लॅब आल्यापासून ‘फार झालं तर वर जाऊन बसू’ हा विचारही आला. मातीच्या घरातला माणूस भिंतीला ओल लागली की निघायचा. स्लॅबवर बसलेल्या माणसाला खाणं, पाणी, औषध आणि शौचाची सोय पोचवायला बोट लागते. 2019 ला गुऱ्हाळाच्या काहिली पाण्यात सोडून माणसं काढली गेली. गूळ आटवायचं लोखंडी भांडं, त्यात दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी, आणि बाजूने पोहणारी दोन पोरं. याचे फोटो कौतुकाने फिरले. पण ती तयारीच्या अभावाचीच निशाणी होती. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून बायका-मुलांसह अनेक जण बुडाले.

मदतीच्या नियमाचं प्रकरणही त्याच दिवसांतलं. घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असेल तर दहा किलो तांदूळ आणि दहा किलो गहू, असा शासन निर्णय पाणी चढत असतानाच निघाला. ओरड झाली आणि पुढे मदत वाढवून ग्रामीण कुटुंबाला 10 हजार, शहरी कुटुंबाला 15 हजार रुपये जाहीर झाले. अट जुन्या निकषांतून आलेली होती, कुणी मुद्दाम निष्ठुरपणे शोधलेली नव्हती, असं तेव्हा सांगितलं गेलं. असेलही. पण जो वेळेवर सामान उचलून बाहेर पडला त्याला नुकसानीचा पुरावा दाखवायची अडचण, आणि जो बसून राहिला त्याचा पंचनामा भरघोस, ही मोजणी घरच्या तयारीला मारकच आहे.

अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने इथला पूर वाढतो का, या वादाबद्दल इथे जाणूनबुजून थोडंच. कृष्णेवर खालच्या अंगाला, कर्नाटकात असलेल्या त्या धरणाची पूर्ण साठ्याची पातळी 519.60 मीटर आहे, ती 524.256 मीटरपर्यंत नेण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या राज्याच्या समितीने त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि काठावरच्या अनेकांना ते अजून पटलेलं नाही. वाद खरा आहे. फक्त तो चाळीस-पन्नास वर्षं चालला तरी त्याने एकाही घराची फळी वर जात नाही.

2021 च्या जुलैत कोल्हापुरात पाणी 2019 च्याही वर, 56 फुटांवर गेलं. या वेळी मात्र लोक आधी निघाले, आणि फरक पडला तो जनावरांमुळे. साखर कारखान्यांच्या आवारात, उंचावरच्या शाळांत गाई-म्हशींची सोय झाली तशी माणसंही हलली. दावणीला चार म्हशी ठेवून कुणी एकटा निवारा केंद्रात झोपायला जात नाही, हे प्रशासनाला कळायला दोन महापूर लागले.

घरातली यादीही तेव्हापासून बदलली. रेशनकार्ड, सातबारा आणि पासबुक एका जाड प्लास्टिक पिशवीत, ती दाराशेजारच्या खिळ्याला. गॅसची टाकी दोरीने खिडकीच्या गजाला बांधायची, नाहीतर ती तरंगत जाते. मोटरपंपाचा स्टार्टर जूनमध्येच काढून आणायचा. आणि पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, कारण 2019 ला कोल्हापूर शहराचे उपसा पंपच बुडाले होते आणि चारही बाजूंनी पाणी असताना टँकरची वाट बघावी लागली होती. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्याने पेट्रोल आणि भाजी संपली, तीही पूर न आलेल्या घरांची.

सध्याचा कल जोतं उंच करण्याचा आहे. नवं बांधणारा 2019 ची किंवा 2021 ची रेघ धरून त्याच्या वर फरशी नेतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो. घरकुल योजनेत 25 चौरस मीटरच्या घराला मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये ठरलं होतं. त्यात भरावाची वेगळी तरतूद नव्हती, आणि सात-आठ फूट मुरूम-दगडाचा भराव टाकायचा तर निम्मी रक्कम जमिनीतच जाते. त्यामुळे एकाच गल्लीत शेजारी-शेजारी एक घर डोक्याएवढ्या जोत्यावर आणि दुसरं रस्त्याच्या पातळीला, असं दिसतं. उंच घराच्या पायऱ्यांखाली खालच्या घराची लाकडं आणि कडब्याच्या पेंड्या रचलेल्या असतात, कारण आभाळ भरलं की दोन्ही घरं वर एकत्रच राहतात.