संवर्धन दलाची तुकडी कामावर घेणे

अमेरिकेत रानवाटा, कुरणे, नदीकाठ आणि वणव्याचा धोका असलेली जंगले यांच्या देखभालीसाठी तरुणांची प्रशिक्षित तुकडी ठरावीक मुदतीकरिता कामावर घेण्याची पद्धत. अशा तुकड्या पुरवणाऱ्या संस्थेला तिथे ‘कॉन्झर्वेशन कोअर’ म्हणतात. मराठीत संवर्धन दल म्हणता येईल. यांतली काही दले राज्य सरकारची खाती आहेत, बरीचशी ना-नफा संस्था. राष्ट्रीय उद्यान, वनखाते, नगरपालिका, आदिवासी शासन किंवा जमीन न्यास यांपैकी जो काम देतो तो यजमान. तुकडी म्हणजे ठेकेदाराची टोळी नव्हे आणि रविवारी झाडे लावायला येणारा हौशी जथाही नव्हे. सदस्यांना निर्वाहभत्ता मिळतो, पण ते शिकायलाही आलेले असतात. हे ध्यानात न घेता केवळ स्वस्त मजूर म्हणून तुकडी बोलावणाऱ्याची बहुधा निराशा होते.

कल्पनेचे मूळ महामंदीत आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर सुरू केले. बेरोजगार, अविवाहित तरुणांना महिना ३० डॉलर मिळत आणि त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवले जात. १९४२ मध्ये ही योजना बंद झाली, तोवर सुमारे ३० लाख तरुण त्यातून गेले होते आणि सुमारे ३०० कोटी झाडे लावली गेली होती. पुढे १९५७ मध्ये स्टुडंट कॉन्झर्वेशन असोसिएशनने विद्यार्थ्यांना राष्ट्रीय उद्यानांत कामाला नेले, आणि १९७६ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात कॅलिफोर्नियाचे राज्य दल उभे राहिले. ‘कष्ट भरपूर, पगार कमी, हाल बेसुमार, आणि आणखीही बरेच!’ या अर्थाचे त्याचे ब्रीद आहे. भरतीची जाहिरात इतकी प्रामाणिक क्वचितच असते.

एका तुकडीत साधारण ६ ते १० जण असतात, त्यांत एक किंवा दोन प्रमुख. प्रमुखाची दोनतीन हंगामांची उमेदवारी झालेली असते; बाकीच्यांपैकी अनेकांनी महिन्याभरापूर्वी आयुष्यात पहिल्यांदा कुदळ धरलेली असते. तुकडी स्वतःची गाडी, तंबू, शिधा आणि बहुतेक हत्यारे घेऊन येते. काम एक तर आठवड्याला चार दिवस, रोज दहा तास चालते, नाहीतर सलग आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी अशा पाळीने. दुर्गम ठिकाणी दुसरी पद्धत सोयीची, कारण येण्याजाण्यातला वेळ वाचतो.

आकारणी ‘तुकडी-आठवडा’ या एककाने होते. त्या एका आकड्यात भत्ता, जेवण, गाडी, हत्यारे, विमा आणि दलाचा कार्यालयीन खर्च आलेला असतो. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामाशी इथे मोठा फरक आहे. रोहयोवर हजेरीपट असतो, पण मजुरी ठरते खोदाईच्या मोजमापावर. संवर्धन दलाला पैसे वेळेचे मिळतात. ठरलेल्या मैलभर वाटेपैकी अर्धीच झाली तरी आठवड्याचे बिल पूर्ण येते. म्हणून अंदाज बांधताना हात आखडता ठेवावा. आठ जणांचे चाळीस तास म्हणजे कागदावर ३२० मनुष्य-तास. तळापासून कामाची जागा पाऊण तासाच्या चालीवर असेल, तर चार दिवसांत जाण्यायेण्याचे ४८ तास गेले. सकाळची सुरक्षा-चर्चा आणि अंग मोकळे करणे यांना अर्धा तास, संध्याकाळी हत्यारे घासायला अर्धा तास, असे आणखी ३२. हाती उरतात २४०. त्यात नवख्यांना शिकवण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही.

संघराज्याच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, जमिनीवरचे काम बहुधा १९९३ च्या पब्लिक लँड्स कोअर कायद्याखाली येते. तिथे निविदा निघत नाही, सहकार्य-करार होतो. खर्चातला सर्वसाधारणपणे २५ टक्के वाटा संघराज्याबाहेरून उभा करावा लागतो. या कायद्याखाली किमान ६४० तास सेवा केलेल्या आणि बाकीच्या अटी पुऱ्या करणाऱ्या सदस्याला दोन वर्षांपर्यंत संघराज्याच्या नोकरीत खुल्या स्पर्धेशिवाय घेता येते. सदस्यांच्या दृष्टीने हा फायदा भत्त्याहून मोठा ठरू शकतो. अमेरिकोर या संघराज्याच्या सेवा-संस्थेच्या निधीतून आलेल्या सदस्यांवर वेगळे बंधन आहे: पगारी कामगाराला हटवून त्यांना ते काम देता येत नाही, आणि नफ्यासाठी चालणाऱ्या उद्योगाचा फायदा होईल असे कामही चालत नाही. खाजगी मालकाच्या शेतावर तुकडी येऊ शकते, पण कामात सार्वजनिक हित दाखवावे लागते किंवा दलाकडे स्वतंत्र शुल्कावर चालणारी तुकडी असावी लागते. उन्हाळ्याचे वेळापत्रक आधीच्या हिवाळ्यात भरत येते. मे महिन्यात फोन करणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले आठवडे येतात.

काम बिघडते ते बहुतेकदा तुकडी गाडीतून उतरण्याआधीच. पर्यावरणीय मंजुरी, पुरातत्त्वाची तपासणी, पक्ष्यांच्या विणीचा काळ हे सगळे यजमानाने आधी उरकायचे असते. ते राहिले तर आठ जण झाडाखाली बसून राहतात आणि मीटर चालू असतो. वाटेची रेघ फितींनी आखलेली हवी, आणि कोणत्या रंगाचा अर्थ काय हे एका कागदावर लिहिलेले हवे. ‘तोडा’ आणि ‘राखा’ यांना एकच रंग वापरल्यामुळे नेमकी राखायची झाडे पडल्याची उदाहरणे या धंद्यात नवी नाहीत. जवळच कमी महत्त्वाचे एक राखीव कामही ठरवून ठेवावे: कुंपणाची तार काढणे, जुनी वाट बुजवणे, असे काही. मुख्य काम अडले की दिवस फुकट जात नाही.

वाट कापण्याचे काम वरकरणी सोपे दिसते. उतारावर वाट पूर्णपणे मूळ जमिनीत कापायची आणि निघालेली माती खाली दूर फेकायची, हा नियम. घाईत नवखे अर्धी वाट कापतात आणि बाहेरची अर्धी त्याच मातीच्या भरावावर बसवतात. दिसायला ती रुंद आणि छान दिसते. पहिल्या जोराच्या पावसात बाहेरची कड खचते. भरावात पालापाचोळा आणि मुळे राहिली असतील तर ती कुजून आणखी खाली बसते. वाटेच्या तळाला बाहेरच्या बाजूला साधारण ५ टक्के ढाळ द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता आडवे निघून जाते. बाहेरच्या कडेला मातीचा बांध साचू दिला तर त्या ढाळाला काही अर्थ उरत नाही आणि वाटेचा ओहोळ होतो. पाणी वळवायला आडवे ओंडके पुरण्याची जुनी पद्धत आहे, पण ते गाळाने भरतात आणि चालणारे त्यांना वळसा घालून नवी वाट पाडतात. वाटेलाच लांबट, उथळ खोलगा देणे जास्त टिकते. नेहमीची हत्यारे दोन: पुलास्की, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ, आणि मॅक्लाउड, एका बाजूला दंताळे, दुसऱ्या बाजूला रुंद फावडे.

परक्या झुडपांच्या तोडणीत चूक मिनिटांत होते. नैऋत्येकडच्या नद्यांकाठी माजलेले टॅमरिस्क हे आपल्याकडच्या झावाच्या जातकुळीतले. नुसते तोडले तर बुंध्यातून पुन्हा दाट फुटते. म्हणून बुंधा जमिनीलगत आडवा कापायचा, भुसा झटकायचा आणि कापल्याबरोबर, पाचेक मिनिटांच्या आत, कडेच्या सालीलगतच्या भागावर तणनाशक लावायचे. उशीर झाला की कापलेला भाग सुकतो आणि औषध आत शोषले जात नाही. औषधात रंग मिसळला नसेल तर कोणता बुंधा राहिला हे दुपारनंतर कोणालाच सांगता येत नाही. करवतवाला आणि औषधवाला यांची जोडी लावावी; करवतवाला पन्नास पावले पुढे गेला की जोडी मोडलीच समजा. त्याच झुडपांत नैऋत्येचा संकटग्रस्त विलो फ्लायकॅचर घरटी करतो, त्यामुळे विणीच्या महिन्यांत तोडणी बंद ठेवावी लागते. फवारणीचा परवाना कोणाकडे असावा हे राज्यागणिक बदलते. करारात एकाचे नाव स्पष्ट हवे.

यांत्रिक करवतीसाठी सदस्य १८ वर्षे पूर्ण झालेला असावा लागतो, त्यामुळे शाळकरी मुलांच्या तुकडीला तोडणीचे काम देऊन उपयोग नाही. राष्ट्रीय वनांत करवतवाल्यांची पायरीनुसार प्रमाणपत्रे असतात. झाडे पाडायची असतील तर तुकडीत त्या पायरीचे किती जण आहेत हे आधी विचारावे. १९६४ च्या कायद्याने ‘विल्डरनेस’, म्हणजे माणसाचा हात न लागता राखायचे रान, ठरवलेल्या क्षेत्रात मोटर सहसा चालत नाही. तिथे दोघांनी ओढायची लांब हातकरवत लागते आणि त्या कामाचा वेग वेगळा धरावा लागतो. ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये वणव्याच्या दिवसांत इशाऱ्याची दुसरी पातळी लागली की दुपारी १ ते रात्री ८ यांत्रिक करवती बंद. मग तुकडी पहाटे अंधारात, घुबडे अजून बोलत असताना कामाला लागते. या पाळीला तिथे ‘हूट आउल’ असेच नाव पडले आहे.

पहिला पूर्ण दिवस यजमानाच्या जाणत्या माणसाने तुकडीबरोबर काढावा. पहिल्या पन्नास फुटांत वाट चुकली तर उरलेली त्याच नमुन्याने चुकत जाते. हंगामाच्या मध्यात दोनतीन सदस्य गळणे नेहमीचे आहे. आठाच्या दराने सहा जण आले तर काय, हे करारात लिहून घ्यावे. निधी अचानक थांबल्यास काय, हेही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकोरची अनुदाने मोठ्या प्रमाणावर रद्द झाली तेव्हा हे कलम नसलेल्यांचे हंगाम अर्ध्यावर लोंबकळले. टॅमरिस्कसारख्या कामासाठी एका हंगामाचा करार पुरत नाही. दुसऱ्या वर्षी नवी फूट मारायला काही दिवस लागतात, आणि त्यांचे पैसे पहिल्याच करारात बाजूला ठेवलेले असावेत.