सजीव अस्थिरोपण (हाडाच्या कर्करोगानंतरचे)

हाताच्या किंवा पायाच्या लांब हाडातील गाठ काढल्यावर पडलेली पोकळी रुग्णाच्याच शरीरातील, रक्तवाहिन्यांसकट उचललेल्या हाडाने भरून काढण्याची शस्त्रक्रिया. ऑस्टिओसार्कोमा व यूइंग सार्कोमा या हाडाच्या कर्करोगाच्या गाठी प्रामुख्याने वाढत्या वयात होतात. ऑस्टिओसार्कोमाचा आवडता ठिकाणा म्हणजे गुडघ्याचा परिसर. पूर्वी अशा वेळी पाय कापणे हाच मार्ग असे. केमोथेरपी आणि एमआरआय आल्यावर अवयव राखून गाठ काढता येऊ लागली. पण मध्येच १५-२० सेंमी. हाड नाहीसे झाल्यावर करायचे काय, हा प्रश्न उरला.

रक्तपुरवठा नसलेला हाडाचा तुकडा बसवला, तर तो आधी मृत राहतो आणि शेजारचे जिवंत हाड त्यात सावकाश शिरते. साधारण ६ सेंमी.पेक्षा मोठ्या अंतराला हे सहसा पुरत नाही. शिवाय केमोथेरपी हाडाचे सांधणे आणखी लांबवते. सजीव कलमातील, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट बसवलेल्या हाडातील, पेशी मात्र जगतात. त्यामुळे ते साध्या अस्थिभंगासारखे जुळून येते आणि पुढे भार पडेल तसे जाड होत जाते. या पद्धतीची खरी किंमत इथेच आहे.

कलमासाठी बहुतेक वेळा पोटरीतील बारीक हाड, म्हणजे फिब्युला, वापरतात. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलत असल्याने ते देता येते. घोट्याजवळचा ६ ते ८ सेंमी. भाग मात्र घोटा डळमळू नये म्हणून ठेवावाच लागतो. लहान मुलांत तो स्क्रूने नडगीला जोडतात, नाहीतर घोटा बाहेर कलतो. सोबत घेतलेल्या पेरोनियल धमनी व शिरा सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने, नव्या जागेच्या वाहिन्यांना शिवतात. कलमासोबत त्वचेचा छोटा तुकडाही ठेवला, तर पहिले काही दिवस परिचारिका तासातासाने तोच पाहतात: निळा-जांभळा पडला तर शिरेत, पांढरा पडला तर धमनीत अडथळा, आणि मग रुग्ण तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात.

इयान टेलर व सहकाऱ्यांनी मेलबर्नहून १९७५ मध्ये असे फिब्युला-रोपण प्रसिद्ध केले. ते अपघाताच्या रुग्णांत होते. गाठीसाठीचा वापर नंतरचा. बारीक फिब्युला मांडीचा भार लगेच पेलू शकत नाही. म्हणून इटलीतील कापान्ना यांनी दात्याच्या जाड हाडाच्या पोकळीत फिब्युला बसवण्याची युक्ती काढली: बाहेरचे हाड ताकद देते, आतले जीव. संसर्ग, न जुळणे आणि कलम मोडणे हे धोके तरीही राहतात, आणि पूर्ण भार टाकायला वर्ष सहज लागते. धातूचा कृत्रिम सांधा त्या मानाने लवकर चालवतो. मात्र सांधा वाचत असेल आणि मूल लहान असेल, तिथे कलमाचे पारडे जड.

गोव्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा गुडघा सुजला, की लागले असेल म्हणून चोळणे, शेकणे, हाडवैद्याकडे नेणे हे आधी होते. रात्री वाढणारी, आठवड्यांनीही न उतरणारी दुखणी एक्स-रे न काढता अंगावर काढू नयेत. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) अस्थिरोग व प्लॅस्टिक सर्जरी असे दोन्ही विभाग आहेत. तरीही बरीच कुटुंबे कोकणकन्या एक्स्प्रेसने मुंबईत परळचे टाटा रुग्णालय गाठतात. कुठेही गेले तरी बायॉप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे) पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच करावी. सुई किंवा चीर भलत्या जागी गेली, तर तो मार्गही गाठीसोबत कापून काढावा लागतो आणि कधी राखता आला असता तो पाय जातो.